मंदावलेल्या ज्योतीची साक्ष

पॅट्रिक हॅमिल्टन यांचे ‘गॅस लाइट’ हे नाटक १९३८ साली इंग्लंडमध्ये रंगमंचावर आले. १९४४ मध्ये हॉलिवूडने त्यावर चित्रपट काढला. त्यातील पती वस्तू लपवतो, दोष पत्नीच्या स्मृतीला देतो आणि तिला वेड लागत असल्याचे तिच्या मनावर ठसवतो. अशा मानसिक छळाला पुढे ‘गॅसलाइटिंग’ हे नाव पडले. परंतु दिव्याचे मंदावणे हा मुळात त्याचा डाव नव्हे. तो वरच्या मजल्यावर चोरून दिवा लावतो, म्हणून खालची ज्योत उतरते; त्यातूनच त्याचे बिंग फुटते. मराठीतील ‘वेड्यात काढणे’ उपहास सांगते, ‘बुद्धिभेद’ संभ्रम सांगतो. पीडितेने स्वतः पाहिलेली ज्योत दोहोंतही नाही. हा शब्द उसना घेताना तिच्या साक्षीवर विश्वास ठेवण्याची जबाबदारीही आपण घ्यायला हवी.