बार्शी रोड ते मनिला

साल १८९७. फलाटावर नाव आहे बार्शी रोड. आपल्या कुर्डुवाडीचं त्या वेळचं नाव. बार्शीची अडीच फुटी छोटी गाडी नुकतीच सुरू झाली आहे. तिच्यातून उतरलेली माणसं बोचकी सावरत मोठ्या गाडीकडे धावताहेत. तुम्हीही त्यांच्या मागोमाग डब्यात शिरता. रात्रभर हादरे खात, घाट उतरत तुम्ही बोरीबंदरला पोचता, तेव्हा साल असतं १९२४.

स्टेशनातून थोडं चाललं की बॉम्बे जिमखाना. पावसाळ्याचे दिवस, मैदानाचा नुसता राडा झालाय. लांबट चेंडू छातीशी धरून गोरे धावताहेत. नीट बघा, चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही. साथीदाराला द्यायचा तर बाजूला किंवा मागे; पुढे जायचं तर स्वतः घुसायचं, नाहीतर लाथ मारायची. एक जण घुसतोच. दुसरा खाली वाकून त्याच्या मांड्यांना मिठी मारतो, दोघंही चिखलात आडवे. कबड्डीतली पकड बघत वाढलेल्या तुम्हाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. तुमचे खांदे आपोआप ताठ होतात. पण तुम्ही कुंपणाबाहेर आहात, कारण आत सभासद फक्त गोरे. रग्बीची अखिल भारतीय स्पर्धा याच साली सुरू झाली आहे. त्या ‘अखिल’मध्ये तुम्ही नाही.

खेळ त्याच्याही आधीपासून इथे आहे. १८७२च्या नाताळात कलकत्त्यात सामना झाला, पाठोपाठ क्लब निघाला. क्लब बंद पडला तेव्हा शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून १८७८ साली चषक घडवला. मुठी नागाच्या, झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९पासून त्यासाठी झुंजतात. रुपये इथले, कारागिरी इथली, आणि भारताचा संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळतो तो थेट १९९८ साली! हा उशीर मला आजही सलतो. अंगात रग असलेली पोरं गावोगाव होती. खेळ जिमखान्यांच्या आणि लष्कराच्या मैदानांतच अडकून राहिला.

त्या पहिल्या संघात अभिनेता राहुल बोस होता. पुढे पराभव पुष्कळ झाले. पुरुषांच्या संघाला विश्वचषक आजवर गाठता आलेला नाही.

म्हणून तुम्ही २०१९च्या जूनमध्ये चला, मनिलाला. समोर सिंगापूर, निळ्या जर्सीत आपल्या मुली. पुण्याची वाहबिझ भरुचा आहे, ओडिशाच्या आदिवासी मुलांच्या शाळेत खेळ शिकलेली सुमित्रा नायक आहे. सामना संपत आलाय आणि भारताला पेनल्टी मिळते. सुमित्रा चेंडू जमिनीवर उभा करते, मागे सरते, खांबांकडे एकदा बघते. तुमच्या मुठी वळलेल्या. लाथ बसते, चेंडू आडव्या दांडीच्या वरून पार!

भारत २१, सिंगापूर १९. पंधरा जणींच्या रग्बीत भारतीय महिलांचा हा पहिला आंतरराष्ट्रीय विजय, आणि या प्रकारात त्या उतरल्या होत्या जेमतेम वर्षभरापूर्वी.