त्रिनिदादचे वास्तुवैभव आणि मनाईचा इतिहास : वॉटर्लू येथील समुद्रातील मंदिराच्या विशेष संदर्भात

व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यालगत वसलेले त्रिनिदाद हे बेट टोबॅगोसह 1962 मध्ये ब्रिटिश सत्तेपासून स्वतंत्र झाले. कार्निव्हल, समुद्रकिनारे आणि वसाहतकालीन प्रासाद यांची यादी दिली की या देशाचे वर्णन पूर्ण झाले, असे पर्यटनविषयक लेखनात मानले जाते. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र निराळा प्रश्न विचारावा लागतो. या वास्तू ज्या जमिनीवर उभ्या राहिल्या ती कोणाची होती, आणि ज्यांना जमीन नव्हती त्यांनी काय निर्माण केले? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

राजधानी पोर्ट ऑफ स्पेन येथील क्वीन्स पार्क सवाना या विस्तीर्ण मैदानाच्या पश्चिमेस सात वास्तू ओळीने उभ्या आहेत. 'मॅग्निफिसंट सेव्हन' म्हणून त्या प्रसिद्ध असून बहुतेकींचे बांधकाम विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील आहे. स्कॉटिश किल्ल्याची आठवण करून देणारा स्टोलमायर यांचा वाडा आणि कोको मळेवाल्याने बांधविलेला व्हाइटहॉल यांवरून तत्कालीन संपत्तीचा उगम सहज ध्यानी येतो. याच ओळीतील क्वीन्स रॉयल कॉलेजात पुढे एरिक विल्यम्स आणि व्ही. एस. नायपॉल शिकले. निसर्गसंपत्तीही व्यापारापासून अलिप्त राहिली नाही. ला ब्रेआ येथील सुमारे 100 एकरांच्या डांबराच्या तलावातील डांबर वॉल्टर रॅले याने 1595 मध्येच आपल्या जहाजांच्या फटी बुजविण्यासाठी वापरले होते.

या वैभवाला दुसरी बाजू आहे ती उसाच्या मळ्यांची. गुलामगिरी संपुष्टात आल्यावर मळेवाल्यांना मजुरांची टंचाई भासू लागली. 30 मे 1845 रोजी 'फातेल रझाक' हे जहाज पहिले भारतीय करारबद्ध मजूर घेऊन आले. 1917 पर्यंत अशा मजुरांची संख्या 1,40,000 च्या वर गेली. ते प्रामुख्याने आजच्या उत्तर प्रदेश व बिहारमधील असून कलकत्त्याहून गेले. (मुंबई बंदरातून मराठी मजूर गेले ते मॉरिशसला; त्यामुळे आपल्याकडील लेखनात त्रिनिदाद उपेक्षित राहिले असावे.)

मनाईचा पहिला ठळक प्रसंग 1884 चा होय. मोहरमच्या 'होसे' मिरवणुकीत तेथे मुसलमानांबरोबर हिंदू आणि आफ्रिकी वंशाचे लोकही सामील होत. ताजिये शहरात आणण्यास शासनाने बंदी घातली. 30 ऑक्टोबर रोजी सॅन फर्नांडो येथे मिरवणुकीवर गोळीबार होऊन किमान 16 जण ठार झाले. आफ्रिकी वंशीयांच्या ढोलांवरही त्याच काळात निर्बंध आले. मग बांबू आपटून ताल धरण्यात आला आणि 1930 नंतर टाकाऊ डबे व तेलाची पिंपे यांतून स्टीलपॅन हे वाद्य घडत गेले. राष्ट्रीय चिन्हातील कोलंबसाची जहाजे काढून तेथे हेच वाद्य घेण्यास संसदेने 2025 मध्ये मान्यता दिली, ही बाब बोलकी आहे.

वॉटर्लू येथील मंदिराचा इतिहास याच परंपरेत पाहावा लागतो. शिवदास साधू या मळ्यातील मजुराने 1947 मध्ये पारियाच्या आखातालगत मंदिर बांधावयास घेतले. जमीन साखर कंपनीची होती. त्यावरून खटला होऊन त्यांना 14 दिवसांचा तुरुंगवास व दंड झाला आणि 1952 मध्ये मंदिर पाडण्यात आले. जमिनीवर मनाई असेल तर समुद्रावर कोणाची मालकी, असा विचार करून ते ओहोटीच्या वेळी चिखलात उतरले. सायकलीला बादल्या अडकवून दगड, वाळू व सिमेंट वाहिले, पिंपांत काँक्रीट भरून पाया रचला. तेलाच्या धंद्यातील टाकाऊ पिंपातून एका समाजाने वाद्य घडविले, दुसऱ्यातील एकाने देवळाचा पाया. दोन्ही गोष्टी एकाच अभ्यासक्रमात क्वचितच शिकविल्या जातात. साधू 1970 मध्ये निवर्तले तेव्हा काम अपुरेच होते.

भारतीयांच्या आगमनाला 150 वर्षे झाल्याच्या निमित्ताने 1995 मध्ये शासनाच्या साहाय्याने ते पूर्ण करण्यात आले. वास्तुशास्त्रीय दृष्ट्या ते लहान व साधे आहे. सवानावरील प्रासादांशी त्याची तुलना होऊ शकत नाही. तथापि ज्या साखर उद्योगाच्या जमिनीवरून ते हटविले गेले, त्यातील सरकारी कंपनी 2003 मध्ये बंद पडली. मंदिराकडे आता पक्क्या बांधावरून जाता येते आणि लगतच्या किनाऱ्यावर हिंदूंच्या चिता रचल्या जातात.