ओसरीवरचा व्यापार : कासाराच्या विक्रीकलेचा थोडा इतिहास

आपल्या ज्ञातीच्या व्यवसायावर यंदाच्या स्मरणिकेसाठी चार पाने लिहून द्यावीत, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. वस्तुतः आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकून सारा जन्म प्राथमिक शाळेत खडू झिजविलेला माणूस. व्यापारावर लिहिण्याचा आमचा अधिकार तो काय? परंतु गेल्या स्नेहसंमेलनात एका तरुण वक्त्याचे ‘गिऱ्हाईक कसे जिंकावे’ या विषयावर भाषण झाले. वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात द्या, त्याची भीती घालवा, नकार ऐकून उठू नका, अशी सूत्रे त्यांनी फळ्यावर लिहिली व मुलांनी ती उतरून घेतली. भाषण उत्तम झाले. मात्र ते ऐकताना आम्हांस सारखी आमच्या मातोश्रींची आठवण येत होती. त्यांना अक्षरओळख नव्हती, आणि यांतील एकही सूत्र त्यांना नवे वाटले नसते.

बांगडीची प्राचीनता सांगण्यात आम्ही फार वेळ घालवीत नाही. मोहेंजोदडो येथे सापडलेल्या नर्तिकेच्या कांस्यमूर्तीचा डावा हात मनगटापासून खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला आहे, व ती मूर्ती चार हजार वर्षांहून अधिक जुनी आहे. आपल्याकडे कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली उत्खनन झाले, त्यातही काचेच्या बांगड्यांचे तुकडे निघाले. बांगडी घालणारी होती तेथे बांगडी भरणाराही असलाच पाहिजे. पण त्याची मूर्ती कोणी घडविली नाही. जुन्या ओव्यांतून मात्र तो ‘वैराळदादा’ या नावाने भेटतो. हा धंदा आपल्या एकट्याचा नव्हता हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. मणियार बांधव पिढ्यान्‌पिढ्या तोच करीत आले, आणि एकाच बाजारात शेजारीशेजारी बसून दोघांनी पोटे भरली.

आता मूळ विषयाकडे वळू. आमचे वडील पाटण तालुक्यातील खेड्यांतून बांगड्यांची पेटी घेऊन फिरत. तांब्यापितळेची भांडी हा आपला दुसरा धंदा. त्यात मोड घेऊन नवे भांडे देणे, भांड्यावर नाव घालून देणे हे विक्रीचे मार्ग होतेच, पण तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. भांडे वर्षानुवर्षे टिकते. बांगडी फुटते, आणि म्हणून बांगडीवाल्याला त्याच दारात पुन्हापुन्हा जावे लागते. आमच्या मते त्याची सारी विक्रीकला या एका गोष्टीतून जन्मली.

वडील गावात शिरत ते दुपारी. पुरुषमाणसे रानात गेलेली, भाकरतुकडा झालेला, बायकांना घटकाभर उसंत, अशी ती वेळ. ओसरीवर टेकले की प्रथम पाणी मागत. बांगड्यांचे नाव काढीत नसत. कोणाची लेक बाळंतपणाला आली, कोणाच्या म्हशीला रेडकू झाले, ही चौकशी आधी. मग पेटी उघडावयाची, तीही एकदम नव्हे. वरच्या थरात साध्या हिरव्या बांगड्या असत, मधल्यात रंगीत, आणि तळाशी कागदात गुंडाळलेल्या चमकीच्या. तळाचा कागद ते स्वतः होऊन सोडीत नसत. कोणीतरी ‘दादा, त्यात काय हाय?’ असे विचारीपर्यंत वाट पाहत, आणि कोणीतरी विचारीच.

पहिला हात घरातील थोरल्या बाईचा. सासूच्या हातात चार बांगड्या गेल्या की सुनेला मागण्याचा संकोच राहत नाही. घरात लहान पोर असेल तर तिच्या इवल्या मनगटात दोन बांगड्या घालीत व पैसे घेत नसत. हिला आजचे वक्ते ‘नमुन्याची भेट’ म्हणतील. पण ती पोर पुढे मोठी होई, सासरी जाई आणि नव्या गावात याच कासाराला हाक मारून ओसरीवर बसवी.

बांगडी भरणे हे नाजूक काम आहे. बाईचा हात हातात घेऊन अंगठ्याखालचा उंचवटा दाबून पाहावयाचा, की माप कळते. ‘दोन-चार’, ‘दोन-सहा’, ‘दोन-आठ’ ही आपली मापे तरुण मंडळींना दशांशातील वाटतात, परंतु दोन-चार म्हणजे दोन इंच चार आणे, अर्थात सव्वादोन इंच. १९५७ च्या एप्रिलात दशमान नाणी आली व आणा गेला; १९५८ पासून वजनमापेही मेट्रिक झाली; पण बांगडीच्या मापात तो आणा अद्यापि जिवंत आहे. असो. परक्या पुरुषाने बाईचा हात धरावा आणि कोणास त्यात वावगे वाटू नये, हा विश्वास आपल्या पूर्वजांनी कसा मिळविला असेल याचा विचार करावा. बांगड्या भरून झाल्या की वयाने मोठी बाईसुद्धा कासाराला नमस्कार करी. मातोश्री बरोबर असल्या तर त्या थेट माजघरात जात, आणि वडिलांपेक्षा त्यांचीच विक्री अधिक होई.

आणि सर्वांत महत्त्वाचा नियम : भरताना जी बांगडी फुटेल ती कासाराची. तिचे पैसे गिऱ्हाइकाने द्यावयाचे नाहीत. हात कडक असला, माप चुकले, पोराने धक्का दिला, कारण काहीही असो. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात जॉन वॉनामेकर यांनी १८७६ साली प्रचंड दुकान थाटले व ‘माल पसंत न पडल्यास पैसे परत’ अशी जाहिरात केली, म्हणून विक्रीशास्त्राच्या पुस्तकांत त्यांचा गौरव होतो. गौरव योग्यच आहे. आपल्याकडे ही गोष्ट कोणी जाहीर केली नाही, कारण ती जाहीर करण्यासारखी आहे असे कोणाला वाटलेच नाही. शिवाय ‘फुटली’ हा शब्द तोंडातून काढावयाचा नाही, ‘वाढवली’ म्हणावयाचे. शब्द जपून वापरावे लागतात हे आम्ही शाळेत पुढे मुलांना शिकविले, ते शिकलो मात्र पेटीपाशी.

केवळ गुणगान करण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. या कलेला काळी बाजूही होती. चार बायकांदेखत नव्या सुनेच्या हातात सर्वांत महाग बांगड्या चढवावयाच्या, म्हणजे सासूला लाजेकाजेने नाही म्हणता येत नाही, ही युक्ती आपल्यापैकी अनेकांनी केली. सुगीच्या बोलीवर उधारी द्यावयाची आणि सुगीला धान्य मापताना पायली जरा उंच भरून घ्यावयाची, हेही घडले. बाईने घरच्यांना न सांगता कणगीतून काढलेले धान्य घेतले, तर ते चोरीत भागीदार होणे की तिच्या हक्काचे तिला मिळवून देणे, याचा निवाडा आम्हांस आजही करता येत नाही.

आमचा स्वतःचा एक प्रमाद येथे सांगतो. १९७० च्या सुमारास, बारा वर्षांचे असताना, वडिलांनी आम्हांस बाजारात घटकाभर दुकानावर बसविले. डझनातील एका बांगडीला केसाएवढी चीर होती. ती बाजू खाली फिरवून आम्ही डझन खपविला आणि मोठा पराक्रम केल्यासारखे संध्याकाळी सांगितले. वडील रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून त्यांनी आम्हांस दोन कोस चालवीत त्या बाईच्या गावी नेले. तिला चिरेचा पत्ताही नव्हता. वडिलांनी तिच्या हातातील प्रत्येक बांगडीला टिचकी मारून नाद ऐकला, बद्द वाजणारी उतरविली आणि नवी भरली. परतताना एवढेच म्हणाले, ‘मला पुन्हा यायचंय या गावात.’

बाहेरच्या जगात या काळात केवढी उलथापालथ झाली होती! १८६३ साली भोर घाटातून आगगाडी धावू लागली आणि मुंबई बंदरात उतरलेला माल देशावर सहज येऊ लागला. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील बोहेमियाची काचेची बांगडी आली. १९१४ च्या महायुद्धाने ती अडली तर तिच्या जागी जपानची आली. ती स्वस्त होती, चकचकीत होती. १९०५ साली पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, तेव्हा परदेशी बांगडी विकणाऱ्यापुढेही प्रश्न उभा राहिला असणार : गिऱ्हाइकाला आवडते ते विकावे की देशाला हवे ते? अंताजी दामोदर काळे यांनी दरमाणशी वर्षाला एक पैसा मागून पैसाफंड उभारला, लोकमान्यांनी त्यास पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला. तेथे काचकाम शिकलेली माणसे पुढे देशभर पसरली. आम्हांस हा पैसाफंड विक्रीकलेचाही मोठा धडा वाटतो. मागणे इतके लहान ठेवावे की नाही म्हणणाऱ्यालाच लाज वाटावी! पुढे उत्तर प्रदेशातील फिरोजाबादने बांगडीचा सारा बाजार व्यापला, नंतर प्लॅस्टिकची बांगडी आली. ती फुटत नाही. त्यामुळे कासाराची फेरीही मंदावली. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत स्थापिली आणि १९८६ साली ग्राहक संरक्षणाचा कायदा झाला. ओसरीवर जे रिवाजाने चाले त्यासाठी कायदा लागला, कारण विकणारा आणि घेणारा पुन्हा भेटतील याची शाश्वती उरली नव्हती.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयाचे मनात आले ती सांगतो. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेचा भूकंप झाला. माणसे दगावली, हजारो घरे पडली. आमचे घर उभे राहिले, परंतु संक्रांतीसाठी उधारीवर भरलेला सारा माल फळ्यांवरून कोसळला. आम्ही नऊ वर्षांचे होतो. काचेचा तो आवाज भूकंपाच्या आवाजाहून अधिक लक्षात आहे. सकाळी मातोश्रींनी खराट्याने रंगीत काच गोळा केली, ती तीन घमेली भरली. पेढीचे देणे कसे फेडावयाचे या विवंचनेत वडील असता खेड्यांतून बायका येऊ लागल्या. सगळ्या आल्या नाहीत. पण ज्या आल्या त्यांनी शेर, दोन शेर भात, रुपया, आठ आणे, जे जमेल ते मागील उधारीपोटी आणून दिले.

त्यांत एक तरुण बाई होती. गौरींना तिने डझनभर बांगड्या भरल्या होत्या. तिचा नवरा त्या पहाटे भिंतीखाली गेला होता. ती ओसरीवर चढली नाही. खाली उभी राहून तिने भाताचे गाठोडे पुढे केले. वडील घेईनात. तेव्हा ती म्हणाली, ‘दादा, भरल्या तवा म्या भरल्या. त्येचं देणं म्याच द्याचं.’ मातोश्रींनी गाठोडे घेतले. वडिलांनी खतावणी काढून तिच्या नोंदीवर रेघ ओढली.

त्यानंतर त्या गावाच्या फेरीत आम्ही सुटीच्या दिवशी वडिलांबरोबर पुष्कळदा गेलो. तिच्या दारावरून जाताना ते आवाज देत नसत. विधवेच्या दारी बांगडीवाल्याने थांबू नये, हा धंद्याचा रिवाज होता. ती कधी दारात उभी असे. तिने आमच्याकडे पाहिले की आम्ही पेटीकडे पाहत असू. पुढे तीस-बत्तीस वर्षे आम्ही वर्गात समतेचे धडे शिकविले, पण हे दार आम्हांस कधी आठवले नाही. ज्या धंद्याने कोणत्याही गिऱ्हाइकाचा नकार कधी अखेरचा मानला नाही, त्याने इतक्या हातांना विचारलेसुद्धा नाही.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड ग्रामपंचायतीने पतिनिधनानंतर बांगड्या फोडण्याची व कुंकू पुसण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. वर्तमानपत्रात ती बातमी वाचली त्या दिवशी आम्हांस ते दार प्रथम आठवले. चौकशी केली, ती बाई बरीच वर्षांपूर्वी वारली होती.

गेल्या श्रावणात आम्ही आमच्या चुलतबंधूंच्या दुकानात बसलो होतो. एक म्हातारी नातीला बांगड्या भरावयास घेऊन आली. कपाळ मोकळे, हात मोकळे. नातीचे हात भरून झाल्यावर आमचे बंधू सहज म्हणाले, ‘आजी, तुमचा हात बघू.’ म्हातारीने आधी नातीकडे पाहिले, मग रस्त्याकडे पाहिले आणि हात पुढे केला. सांधे धरलेले होते. दोन-सहाच्या तीन बांगड्या वाढवल्या, तेव्हा कोठे दोन्ही हातांत दोन-दोन गेल्या. हिशेब करताना बंधूंनी चारच बांगड्या धरल्या. म्हातारीने लुगड्याच्या केळ्यातून नोटा काढून त्यांच्या हातावर मोजून ठेवल्या आणि दुकानाच्या पायरीशी थांबून त्यांना नमस्कार केला.