प्रतिकृतींवरील व्हार्निश व वॉश

जहाज, विमान, रणगाडा, आगगाडी इत्यादींची ठराविक प्रमाणात लहान केलेली प्रतिकृती रंगवून झाल्यावर तिच्यावर जो पारदर्शक संरक्षक लेप देतात, त्यास व्हार्निश म्हणतात. पृष्ठावरील खाचांत व सांध्यांत साचून छायेचा आभास निर्माण करणाऱ्या अतिशय पातळ रंगास वॉश म्हणतात. हा दुसरा शब्द जलरंगचित्रणातून आला आहे. दोहोंची कार्ये परस्परविरोधी आहेत. व्हार्निशामुळे वस्तू नवी राहावी अशी अपेक्षा असते, तर वॉशमुळे ती वापरलेली, मळलेली दिसते. प्रतिकृतींच्या इतिहासात दीर्घकाळ व्हार्निशाचेच वर्चस्व होते. वॉशला प्रतिष्ठा मिळाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

इंग्लंडमध्ये सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आरमारी जहाजांच्या ज्या प्रतिकृती तयार होऊ लागल्या, त्यांना नेव्ही बोर्ड प्रतिकृती असे नाव पडले. त्या बहुधा १ : ४८ या प्रमाणात, म्हणजे एका फुटास पाव इंच धरून, पेअर किंवा बॉक्स यांसारख्या बारीक पोताच्या लाकडात घडविलेल्या असत. पाण्याखालच्या भागाच्या बरगड्या फळ्यांनी न झाकता उघड्या ठेवीत आणि लाकडास रंग न देता केवळ व्हार्निश लावीत. कोरीवकामास सोन्याचा मुलामा असे. पुढील काळातील काही प्रतिकृतींचा तळ पांढरा रंगविलेला आढळतो. प्रत्यक्ष जहाजाच्या तळास देवमाशाचे तेल, राळ व गंधक यांचा जो लेप देत, त्याचा तो निदर्शक होय. अशा प्रतिकृतींचे मोठे संग्रह लंडनजवळील ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात व अमेरिकेतील ॲनापोलिस येथील नाविक अकादमीत आहेत. मूळ जहाजे केव्हाच नष्ट झाली असल्याने त्या काळच्या बांधणीचा व सजावटीचा पुरावा म्हणून या प्रतिकृतींना फार महत्त्व आहे.

परंतु या पुराव्याचे जे रक्षण करावयाचे, तेच व्हार्निश कालांतराने त्याला झाकून टाकते. नैसर्गिक राळ व सुकणारे तेल यांपासून केलेले व्हार्निश हवेतील ऑक्सिजन व प्रकाश यांमुळे पिवळे, मग तपकिरी होते. त्याखालचा निळा रंग हिरवट व पांढरा रंग पिवळसर दिसू लागतो. जुना लेप काढण्यासाठी तीव्र विद्रावक वापरल्यास त्याबरोबर मूळ रंग व मुलामाही निघण्याचा धोका असतो. डागडुजी करणाऱ्यांनी नंतरच्या काळात वरचेवर व्हार्निशाचे हात दिल्याने मूळ कोणते व भर कोणती, हे ठरविणे अनेकदा कठीण जाते. जंबुपार किरणांखाली जुनी नैसर्गिक राळ हिरवट चमकते व तिच्यावरील नंतरची रंगभरणी गडद दिसते, याचा या कामी उपयोग होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जहाजबांधणी कंपन्यांनी ग्राहकांसाठी करविलेल्या प्रतिकृतींत चकाकीचा सोस कळसास पोहोचला. आरशासारखे पृष्ठ व सोन्याचांदीच्या मुलाम्याची उपांगे असे त्यांचे रूप असे. खऱ्या बोटीच्या कोळशाच्या काजळीचा त्यांच्यावर मागमूसही नसे. याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण दुसऱ्या महायुद्धातले आहे. अमेरिकी नौदलाने १९४२ मध्ये शाळकरी मुलांकडून १ : ७२ प्रमाणातील पाच लाख विमान-प्रतिकृती करवून घेण्याची योजना आखली. आकृतीवरून विमान ओळखता यावे, एवढाच उद्देश असल्याने त्या निस्तेज काळ्या रंगाने रंगविलेल्या असत.

युद्धोत्तर काळात पॉलिस्टायरिनच्या सुट्या भागांचे संच स्वस्तात मिळू लागले. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचा ‘गोल्डन हाइंड’ जहाजाचा संच १९५२ मध्ये निघाला. हल येथे १९१९ मध्ये स्थापन झालेल्या हंब्रोल या कंपनीच्या एनॅमल रंगांच्या चिमुकल्या डब्या पुढे घरोघरी पोहोचल्या. लाकूड जे सहन करी, ते प्लॅस्टिक करीना. टोल्यूइनने पॉलिस्टायरिन विरघळते. त्यामुळे कोणत्या थरावर कोणता थर द्यावयाचा, हा प्रश्न प्रामुख्याने विद्रावकांचा ठरला. वरच्या थरातील विद्रावकाने खालचा थर विरघळू नये, हे येथील मूलतत्त्व होय. ॲक्रिलिक रंग पूर्ण सुकल्यावर व्हाइट स्पिरिटमध्ये कालविलेला तैलरंगाचा वॉश त्यावर निर्धास्तपणे देता येतो. एनॅमल रंगावर मात्र तोच वॉश मूळ रंग उठवू शकतो. म्हणून मध्ये ॲक्रिलिक व्हार्निशाचा थर देतात.

हा मधला थर चकचकीत असावा लागतो. गुळगुळीत पृष्ठावर पातळ रंग केशाकर्षणाने खाचेतून आपोआप धावतो व इतरत्र सांडलेला सहज पुसता येतो. निस्तेज पृष्ठ सूक्ष्मदृष्ट्या खडबडीत असल्याने रंगद्रव्य तेथेच अडकून डाग पडतात. चिकटचित्रांखाली हवा राहून येणारी रुपेरी झाकही चकचकीत थराने टळते. या कामी अमेरिकेत ‘फ्यूचर’ व ब्रिटनमध्ये ‘क्लिअर’ या नावांनी पूर्वी विकले गेलेले फरशीचे ॲक्रिलिक पॉलिश छांदिष्टांत कमालीचे लोकप्रिय झाले. ते फरशीवर किती लागले, हे विक्रेत्यांनाच ठाऊक! वॉशसाठी शुद्ध काळ्यापेक्षा गडद तपकिरी रंग अधिक नैसर्गिक दिसतो. शेवटी सिलिकाचे कण मिसळलेले निस्तेज व्हार्निश फवारतात. ते नीट न ढवळल्यास पृष्ठावर पांढुरकेपणा येतो. लॅकर जातीच्या लेपांत तो दमट हवेमुळेही येतो, कारण विद्रावक वेगाने उडताना पृष्ठ थंड होऊन त्यावर बाष्प जमते. मुंबई व कोकणातील पावसाळ्यात असे काम लांबणीवर टाकणेच इष्ट.

लहान वस्तूवर पडणारी छाया डोळ्यांना पुरेशी जाणवत नाही, म्हणून ती रंगवावी लागते. हा विचार शेपर्ड पेन या अमेरिकी व फ्रांस्वा व्हर्लिंडन या बेल्जियन कलावंतांच्या कामामुळे १९७० ते १९९० या काळात सर्वत्र रुजला. वॉश आणि उंचवट्यांवरून जवळजवळ कोरडा कुंचला फिरविणे, ही जोडी त्यांच्या अनुयायांनी रूढ केली. एकविसाव्या शतकात स्पेनमधील उत्पादकांनी तयार वॉश बाजारात आणले व मळकेपणाची हौस इतकी वाढली की, कारखान्यातून नुकताच बाहेर पडलेला रणगाडाही गंजलेला दाखविला जाऊ लागला. तो अतिरेकच म्हटला पाहिजे. छायाचित्रे पाहून केलेले मळकटीकरण हे एका विशिष्ट वाहनाचे विशिष्ट दिवशीचे चित्र असते. सवयीने दिलेला वॉश हा केवळ अलंकार, जहाजकंपन्यांच्या चकाकीइतकाच.

संग्रहालयांत आज पॅरालॉइड बी-७२ यासारखी ॲक्रिलिक रेझिने वापरण्याकडे कल आहे. ती सहसा पिवळी पडत नाहीत व पुढे योग्य विद्रावकाने काढता येतात. मात्र प्रतिकृतीवरील मूळ रंगास तो विद्रावक सोसेल की नाही, याची चाचणी दर वेळी एखाद्या आडबाजूच्या कोपऱ्यात घ्यावी लागते.