धुराड्यातून गेलेली उष्णता : ब्रिटिश घरांतील बॉयलर-बदलाची कथा

(१) डिसेंबर २०१०. ब्रिटनने शंभर वर्षांत अनुभवला नव्हता असा डिसेंबरचा गारठा. ऐन कडाक्यात हजारो घरांतील बॉयलर बंद पडले. विशेष म्हणजे बंद पडणारे बॉयलर जुनाट नव्हते. ते नवे, इंधन वाचवणारे आणि सरकारी नियमांनी घरोघर पोहोचवलेले होते. शेजारच्या घरातले पंचवीस वर्षांचे जुने धूड मात्र घरघरत चालूच होते. या विसंगतीचे मूळ शोधण्यासाठी अडीचशे वर्षे मागे, ग्लासगोच्या विद्यापीठात जावे लागते. #थ्रेड

(२) १७६०च्या सुमारास तेथे जोसेफ ब्लॅक हा रसायनशास्त्रज्ञ एका साध्या गोष्टीने अस्वस्थ झाला होता. पाणी उकळू लागल्यावर जाळ कितीही वाढवला तरी त्याचे तापमान वाढत नाही. मग ती उष्णता जाते कोठे? ती वाफेत दडून बसते आणि वाफेचे पुन्हा पाणी होताना बाहेर पडते, असे ब्लॅकने दाखवून दिले. मराठी पाठ्यपुस्तके यालाच ‘अप्रकट उष्मा’ म्हणतात. त्याच विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॉटलाही प्रयोगात आढळले, की थोडीशी वाफ आपल्या वजनाच्या सुमारे सहापट थंड पाण्याला उकळीपर्यंत नेते. १७६९ साली वॉटने स्वतंत्र शीतकाचे पेटंट घेतले आणि कारखान्यांचे युग वेगाने पुढे सरकले.

(३) ज्या देशात हे ज्ञान जन्मले, त्या देशातील घरे मात्र पुढची दोनशे वर्षे उष्णता धुराड्यातून आकाशात सोडत राहिली. उघड्या शेगडीतील कोळशाची बहुतांश ऊब वर निघून जाई. शेगडीपुढे बसलेल्याचे गुडघे भाजत आणि पाठ गारठलेलीच राहत असे. पुढे शेगडीच्या पाठीमागे पाण्याची टाकी बसवण्याची युक्ती रूढ झाली, तिला ‘बॅक बॉयलर’ म्हणत. महाराष्ट्रातील वाड्यांत न्हाणीघराजवळ धगधगणारा तांब्याचा बंब ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही: मध्ये जाळ, भोवती पाणी, वर धुराडे.

(४) कोळशाच्या या संसाराला धक्का दिला तो धुक्याने. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर धूर आणि धुके यांचा जाड थर बसला. त्या काळच्या हिशेबाने सुमारे ४,००० माणसे दगावली. नंतरच्या अभ्यासकांनी हा आकडा १२,०००पर्यंत नेला. दोष केवळ कारखान्यांचा नव्हता. लाखो घरांच्या चुलाण्यांचाही होता. १९५६च्या स्वच्छ हवा कायद्याने ‘धूरनियंत्रित क्षेत्रे’ आखण्याचा अधिकार नगरपालिकांना दिला आणि घरातील शेगडी बदलण्यासाठी सार्वजनिक पैशातून अनुदानही ठेवले. घरातील जाळ ही खासगी बाब नसून सार्वजनिक प्रश्न आहे, हे तत्त्व ब्रिटनने येथे मान्य केले. पुढील प्रत्येक बॉयलर-योजना याच तत्त्वावर उभी आहे.

(५) दुसरे वळण समुद्रातून आले. १९६५ साली ‘सी जेम’ या फलाटावरून उत्तर समुद्रात वायूचा साठा सापडला. त्याच वर्षी २७ डिसेंबरला तो फलाट कोसळून १३ जणांना जलसमाधी मिळाली. १९६७मध्ये तेथील वायू ईझिंग्टनच्या किनाऱ्यावर पोहोचला. तोवर शहरांत कोळशापासून बनवलेला वायू नळाने येत असे. त्यात हायड्रोजनबरोबर विषारी कार्बन मोनॉक्साइडही असे. नव्या नैसर्गिक वायूची उष्णताक्षमता त्याच्या जवळजवळ दुप्पट होती, त्यामुळे जुन्या उपकरणांत तो तसाच जाळता येईना. मग १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत कामगारांनी गल्लोगल्ली, दारोदार फिरून सुमारे चार कोटी उपकरणांचे बर्नर बदलले. शांततेच्या काळात एखाद्या राष्ट्राने घराघरांत शिरून इतका मोठा तांत्रिक बदल घडवल्याची उदाहरणे विरळाच.

(६) आता घरभर उष्णता खेळवणे परवडू लागले. एका बॉयलरमध्ये पाणी तापवायचे, ते नळ्यांतून प्रत्येक खोलीतील रेडिएटरमध्ये फिरवायचे आणि गार झालेले परत आणायचे. १९७२च्या सरकारी पाहणीत अशी व्यवस्था ३७ टक्के कुटुंबांकडे होती. २००२पर्यंत हे प्रमाण ९३ टक्क्यांवर गेले. याचा परिणाम केवळ थर्मामीटरवर दिसला नाही. पूर्वी हिवाळ्यात सगळे कुटुंब एकाच खोलीत, एकाच शेगडीभोवती जमत असे. आता मुले आपापल्या खोल्यांत बसू लागली. तांब्याच्या गरम टाकीभोवतीच्या कपाटात धुतलेले कपडे वाळवण्याची रीत मध्यमवर्गीय घराची खूण ठरली. पुढे लागेल तेव्हाच पाणी तापवणारे ‘कॉम्बी’ बॉयलर आले आणि ते कपाटही बऱ्याच घरांतून गेले.

(७) परंतु धुराड्याची गळती तशीच होती. मिथेन जळाला की कार्बन डायऑक्साइडबरोबर पाणीही तयार होते. एक किलो मिथेनमागे सव्वादोन किलो! हे पाणी वाफेच्या रूपात धुराड्यातून निघून जाते आणि जाताना इंधनाच्या उष्णतेचा सुमारे दहावा हिस्सा सोबत नेते. ब्लॅकने ओळखलेला अप्रकट उष्मा तो हाच.

मग बॉयलर बनवणारे अडाणी होते काय? मुळीच नाही. ही वाफ थंड होऊन पाणी झाली, की त्यात वायू विरघळून ते आम्लधर्मी बनते. जुने बॉयलर बिडाचे. आम्लाने ते कुरतडले जात. म्हणून धूर मुद्दामच गरम ठेवला जाई: उष्णता गेली तरी चालेल, पण यंत्र टिकले पाहिजे. अनेक जुन्या बॉयलरांची कार्यक्षमता सत्तर टक्क्यांच्याही खाली असे. इंधन स्वस्त असेतोवर हा व्यवहार शहाणपणाचाच होता.

(८) १९७३च्या तेलसंकटाने तो हिशेब उलटला. स्वतःच्या भूमीत वायूचा प्रचंड साठा असूनही काटकसरीच्या मार्गाला लागलेल्या नेदरलँड्समध्ये १९८०च्या दशकाच्या आरंभी ‘संघनक’ बॉयलर घरांत येऊ लागले. गंजरोधक पोलाद किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा उष्णता-विनिमयक, धूर ओढण्यासाठी पंखा आणि आम्लधर्मी पाणी बाहेर सोडणारी एक प्लॅस्टिकची नळी. कार्यक्षमता नव्वद टक्क्यांच्या आसपास. ब्रिटनने मात्र वीस वर्षे चालढकल केली. नवे यंत्र महाग होते, कारागिरांचा त्यावर विश्वास नव्हता, आणि भिंतीबाहेर सतत दिसणारा वाफेचा पांढरा लोट शेजाऱ्यांना खुपत असे.

(९) अखेर एप्रिल २००५पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये बांधकाम-नियमांनीच निर्णय केला: जुना गॅस बॉयलर बदलताना, काही अपवाद वगळता, संघनकच बसवायचा. जानेवारी २०१०मध्ये ब्रिटिश सरकारने इंग्लंडमध्ये पुढचे पाऊल टाकले. सर्वांत खालच्या, म्हणजे ‘जी’ श्रेणीतील बॉयलर मोडीत काढणाऱ्या १,२५,००० कुटुंबांना प्रत्येकी ४०० पौंड. काही आठवड्यांतच योजना संपली. तिला यश म्हणायला हरकत नाही, पण एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. नव्या बॉयलरचा एकूण खर्च दोन हजार पौंडांच्या घरात जात असे. उरलेली रक्कम ज्याच्या गाठीशी होती, त्यालाच ४०० पौंडांचा उपयोग झाला. ब्रेंडा बोर्डमन यांनी १९९१मध्येच ‘इंधन-दारिद्र्य’ या विषयावर पुस्तक लिहून बजावले होते, की सर्वांत गळके घर आणि सर्वांत जुने यंत्र गरिबाच्याच वाट्याला येते. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला तर बॉयलर निवडण्याचा अधिकारच नसतो.

(१०) आणि मग त्याच वर्षीचा तो डिसेंबर. संघनक बॉयलरमधून थेंबथेंब निघणारे पाणी ज्या बारीक नळीने घराबाहेर जाई, ती नळी अनेक ठिकाणी उघड्या भिंतीवरून नेलेली होती. थंडीत तीत बर्फ धरला, पाणी तुंबले आणि सुरक्षेसाठी यंत्राने स्वतःला बंद करून घेतले. उपाय काय? नळीवर कोमट पाणी ओतणे! जुन्या बॉयलरला हे संकट ठाऊकच नव्हते, कारण तो ते पाणी वाफ म्हणून उधळून टाकत होता. पुढे नळी जाड घेण्याचे, तिला आवरण घालण्याचे आणि शक्यतो घरातूनच नेण्याचे दंडक घट्ट झाले.

(११) या बदलाने इंधन खरोखर वाचले का? १८६५ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने ‘द कोल क्वेश्चन’मध्ये इशारा दिला होता, की कार्यक्षम यंत्रांमुळे कोळशाचा खप घटत नाही, उलट वाढतो. ब्रिटिश घरांनी काही काळ त्याला खरे ठरवले. अभ्यासकांच्या गणितानुसार १९७०मध्ये हिवाळ्यात सरासरी घराचे तापमान सुमारे १२ अंश असे. पुढील चार दशकांत ते १७ अंशांच्या आसपास गेले. बचतीचा मोठा हिस्सा लोकांनी ऊब म्हणून उपभोगला. याला उधळपट्टी म्हणणे अन्यायाचे ठरेल. १२ अंशांच्या खोलीत तान्ह्या बाळाला वाढवणाऱ्या आईने ते ठरवावे. तथापि २००४नंतर घरगुती वायूचा खप स्पष्टपणे उतरला. त्यात बॉयलरांबरोबर भिंतींच्या उष्णतारोधनाचा आणि चढत्या दरांचाही वाटा होता.

(१२) एक मेख मात्र राहिली. वाफेचे पाणी होण्यासाठी रेडिएटरमधून परतणारे पाणी सुमारे ५५ अंशांहून थंड हवे. पण कारागीर जुन्या सवयीने यंत्र ७० ते ८० अंशांवर लावून जात. परिणामी ‘संघनक’ नाव मिरवणारे असंख्य बॉयलर पुरेसे संघनन करतच नव्हते. २०२२मध्ये युद्धामुळे वायूचे दर भडकले, तेव्हा कोठे बॉयलरचे तापमान ६० अंशांवर आणण्याचे आवाहन घरोघर पोहोचले. एक खुंटी फिरवण्याचे काम. त्याला इतकी वर्षे लागली.

(१३) मे २०२२पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये गॅस बॉयलर काढून उष्मा-पंप बसवणाऱ्यांना ५,००० पौंड मिळू लागले. ऑक्टोबर २०२३मध्ये ही रक्कम ७,५०० झाली. हा पंप बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणतो आणि कोमट पाण्यावरच उत्तम चालतो. त्यामुळे रेडिएटर मोठे हवेत आणि घर गळके नको. तांब्याची जी टाकी कॉम्बी बॉयलरने कपाटातून हद्दपार केली होती, तिच्या जागी आता गरम पाण्याची नवी टाकी पुन्हा बसवावी लागते आहे. आणि अनेक घरांत ते कपाटच उरलेले नाही.