रोहित्राच्या पोटातले लोखंड

रोहित्र म्हटले की आम्हांला तांब्याची तार आठवते. पण त्याचे भाग्य ठरते ते गाभ्याच्या लोखंडावर. बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यात १८८५ साली बंद गाभ्याचे रोहित्र सिद्ध झाले, तेव्हा मऊ लोखंड हाच काय तो आधार होता. त्याला एक वाईट खोड होती. सतत उष्णता सोसून ते जणू म्हातारे होई आणि त्यात वाया जाणारी वीज वाढत जाई. गाव झोपले तरी गाभा वीज खातच राहतो, हे ध्यानी घेतले म्हणजे वीज कंपन्यांची काळजी कळते.

उतारा सापडला तो पोलादवाल्याच्या भट्टीत! शेफील्डच्या हॅडफील्डने लोखंडात नाना द्रव्ये मिसळली होती. डब्लिनच्या बॅरेटने त्या मिश्रणांचे चुंबकीय गुण तपासले आणि १९०० च्या सुमारास सिलिकॉनचा प्रताप उघड झाला. सिलिकॉनमुळे लोखंडाचा विद्युत्‌रोध वाढतो, भोवरप्रवाह मंदावतात, म्हातारपणही लांबते. मग भरपूर का घालू नये? कारण पत्रा ठिसूळ होऊन लाटताना तडकतो. म्हणून तीन-चार टक्क्यांवर तडजोड झाली. पुढे १९३४ मध्ये अमेरिकेत गॉसने द्रव्य न बदलता, थंड लाटून आणि तापवून, पत्र्यातले कण एका दिशेला वळवले.