खाट, किसणी आणि विजेची तार

मूल निजलें म्हणजे घरचीं माणसें निश्चिंत होतात. खाटेला कठडे आहेत, तेव्हां तें पडणार नाहीं, असा त्यांना भरंवसा असतो. ह्याच भरंवशावर मोना हातूम ह्या कलावतींनीं १९९३ सालीं घाव घातला. नेहमींच्या वस्तूच मांडून जें मांडणशिल्प करतात, त्या प्रकारचें हें शिल्प. लहान मुलाची धातूची एक खाट, एवढेंच. कठडे जागच्या जागीं आहेत; पण अंथरूण घालावयाचें तेथें फळी नसून बारीक तारा घट्ट ताणून बसविल्या आहेत. युरोपांत चीज कापावयास वापरतात त्या जातीच्या ह्या तारा. शिल्पाचें नांव ‘इनकम्युनिकाडो’. जगाशीं सर्व दळणवळण तोडून कोंडलेल्या कैद्याला हा शब्द लावतात. येथें तो अद्याप वाचाही न फुटलेल्या जिवाच्या खाटेला लावला आहे.

केवळ विक्षिप्त कल्पना म्हणून ही सोडून देतां येत नाहीं. तिचें मूळ बाईंच्या घराण्याच्या इतिहासांत आहे. १९४८ सालीं इस्रायल राज्य स्थापन झालें, त्या धामधुमींत त्यांच्या आईवडिलांना हैफा शहर सोडावें लागलें. मोनाबाई १९५२ सालीं बैरूत येथें जन्मल्या. वडील तेथील ब्रिटिश वकिलातींत नोकरीस होते, म्हणून कुटुंबाला ब्रिटिश नागरिकत्व मिळालें. जेथें राहात होतें त्या लेबनॉनचें मात्र नाहीं. १९७५ सालीं त्या थोड्या दिवसांसाठीं लंडनला गेल्या असतां लेबनॉनमध्यें यादवी पेटली आणि परतीची वाट बंद झाली. आईवडिलांचें घर एकदां गेलें, लेकीचें पुन्हां. अशा माणसाला दार, कडी, कठडा ह्या वस्तु आपल्यासारख्या दिसतील कशा?

पुढें त्यांनीं आणखी खाटा केल्या. १९९४ ची काचेच्या नळ्यांची, १९९६ ची रबराची, जी स्वतःच उभी राहूं शकत नाहीं. मग स्वैपाकघर आलें. १९९९ च्या ‘होम’मध्यें लांब मेजावर किसणी, चाळणी, खिमा करण्याचें यंत्र अशा जिनसा विजेच्या तारेनें जोडल्या आहेत, मधले दिवे मंद-प्रखर होतात आणि विजेचा गुणगुणाट ध्वनिवर्धकांतून ऐकूं येतो. २००२ सालीं तर साध्या किसणीचा आकार सुमारे २ मीटर उंच करून त्यांनीं तिचा घडीचा पडदा केला. ज्याच्या आडोशाला जावें तोच अंग सोलून काढील, असा हा आडोसा!

मला स्वतःला ह्या सर्वांत खाट श्रेष्ठ वाटते. किसणी एवढी मोठी केली कीं तींत विनोदाचा अंश येतो, आणि वीज तर आपण धोका आहों असें ओरडूनच सांगते. खाट कांहींच सांगत नाहीं. तथापि ‘होम’मधील एक गोष्ट मनांतून जात नाहीं. मेज आणि प्रेक्षक ह्यांच्यामध्यें पोलादी तारांचें आडवें कुंपण आहे. विजेपासून प्रेक्षकाचें रक्षण तेंच करतें, आणि त्या घरांत त्याला पाऊल टाकूं देत नाहीं तेंही तेंच.